मुरगळलेला घोटा

प्रश्न : मुलगी कबड्डी खेळते. परवा चढाईत तिचा घोटा मुरगळला. एक्स-रेत हाड शाबूत आहे. आजी म्हणते, तेल चोळा आणि महिनाभर पाय हलवू नका. काय करावं?
— एक आई, सांगली

उत्तर : ताई, घाबरू नका, पण चोळणं आणि शेक तूर्त नकोच, सूज वाढते. कापडात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटं, क्रेप बँडेज, पाय उशीवर. महिनाभराची विश्रांती मात्र स्नायू दुबळे करते. सोसेल तसं चालू द्या. पुढे दात घासताना दुखऱ्या पायावर उभं राहू दे, कारण तोल सावरला नाही तर तोच घोटा पुन्हा मुरगळतो. त्या पायावर न डगमगता उड्या जमल्या की मैदानात सोडा, प्रशिक्षकांनी कितीही घाई केली तरी! बधिरपणा आला किंवा आठवड्याने सूज तशीच राहिली, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.