भट्टी पेटवण्याआधी

बाबू, अबकारी खात्याच्या पावणीत, म्हणजे लिलावात, डोंगर तुझ्या नावावर लागला, परवानाही झाला. आता लाकडं, भांडं, पाण्याची टाकी यांच्यामागे धावशील. धाव, पण लक्ष झाडाखाली असू दे. काजूची फेणी कशी उतरणार, हे विस्तव लागायच्या आधीच ठरलेलं असतं.

काजूचा बोंडू पाडायचा नाही. काठी नको, फांदी हलवणं नको. पिकून आपसूक गळलेलाच उचलायचा. ओढून काढलेला तुरट असतो, त्यात गोडवा कमी, म्हणजे माल कमी. वेचणी सकाळीच आटप. उन्हात राहिलेला बोंडू दुपारपर्यंत आंबूस होतो. बुरशी धरलेला, किडका बाजूला काढ. आणि तुडवायच्या दगडी कुंडीत एकही बी जाऊ देऊ नकोस. तिच्या सालीतलं तेल कातडी जाळतं, ते रसात कशाला? वेचायला, बिया पिरगाळायला येणाऱ्या बायांची मजुरी रोजच्या रोज दे. चांगल्या-वाईटाची निवड त्यांच्या बोटांत आहे, तुझ्या परवान्यात नाही.

तुडवून रस निघाला की चोथ्यावर वजन ठेव. रात्रभर जो स्वच्छ नीरो ठिबकतो, तो सकाळी घरी पाठव, पोरांना पिऊ दे.

रस दोन-तीन दिवस आपोआप आंबतो. त्यात यीस्ट नको, गूळ-साखर नको, नवसागराचं तर नावही काढू नकोस. उकाडा वाढला की लवकर होतं, म्हणून दिवस मोजू नकोस, कान लाव. बुडबुड्यांची चुरचुर थांबली, फेस बसला की भांडं चढव. उशीर केलास तर शिरका होईल.

तांब्याचं भांडं चिंचेनं घासून आतून लखलखीत कर, कळंक राहता कामा नये. गळ्यापर्यंत भरू नकोस. जाळ मंद, सारखा. घाई केलीस तर रस उकळून नळीत चढतो आणि माल गढूळ उतरतो. सांध्यांना वारुळाची माती मळून लाव. सुटलेल्या वाफेला जाळ लागायला वेळ लागत नाही. थंड करायच्या टाकीतलं पाणी कोमट झालं की बदल.

पहिल्या वेळी उतरतं ते उर्राक, १५ टक्क्यांच्या आसपास. त्यात आंबलेला रस घालून पुन्हा उतरवलीस की फेणी, ४२ ते ४५ टक्के. ‘पहिल्या धारेची’ मागणारे येतील. त्यांना काय हवं ते सांगू दे. दुसऱ्या वेळचं अगदी सुरुवातीचं, नाकाला झोंबणारं पाणी तू ओतून टाक. शेवटचं पाणचट तेही बाजूला काढ. मधलीच धार आपली. बाटली हलवून वर मोती धरतात का बघ, आणि ग्राव, म्हणजे तीव्रता, मोजायचा काटाही लाव.

काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला, पण हे भट्टीचं ज्ञान आपल्या माणसांनी घडवलं. २००९ साली फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ साली गोवा सरकारनं तिला वारशाचं पेय ठरवलं. त्या नावाखाली पाणी घातलेला माल विकणारे आहेत. तू त्यांच्या भावाशी बरोबरी करू नकोस.

फेणी गर्राफांवात, काचेच्या मोठ्या बाटलीतच भर, प्लास्टिकच्या कॅनमध्ये नको. वर तारीख लिही, अंधारात ठेव आणि पावसाळाभर हात लावू नकोस. उर्राक मात्र मे संपायच्या आत विकून टाक. उरलंच तर फेणीच्या शेवटच्या भांड्यात ओत.