कंपनीचं नाव नंतर, आधी माल कसा बनतो ते विचारा

निकाल लागले की पालकांचा ठरलेला प्रश्न येतो, 'मेकॅनिकलला स्कोप आहे का?' डिप्लोमा झाला की तोच प्रश्न कंपनीच्या नावावर येऊन थांबतो. चाकणच्या बड्या कंपनीचं नाव सोयरिकीत चालतं, भोसरीच्या गल्लीतल्या वर्कशॉपचं चालत नाही. पण मुलाचा किंवा मुलीचा दिवस कसा जाणार आणि तीन वर्षांनी हाताशी कोणतं कसब असणार, हे पाटीवरच्या नावापेक्षा आत माल कोणत्या पद्धतीने बनतो यावर जास्त ठरतं.

गिऱ्हाइकाच्या गरजेनुसार एकेक नग करायचा, ती जॉब पद्धत. माझगाव डॉकमधली युद्धनौका अशीच बनते आणि भोसरीतली डायसुद्धा. ड्रॉइंग सतत बदलतं. तुकडा कसा पकडायचा, कुठला कट आधी घ्यायचा, हे स्वतः ठरवावं लागतं. शेवटच्या कटात दोन-तीन शतांश मिलिमीटर जास्त निघाले, तर आठवडाभराची मेहनत भंगारात. सुरुवातीचा पगार बेताचा आणि मालकाची बोलणी वेगळी. पण इथे आलेली समज कुठेही नेता येते. आयटीआयचा टूल अँड डाय मेकर ट्रेड किंवा छत्रपती संभाजीनगरची इंडो-जर्मन टूल रूम, ही या कामाकडे जाणारी वाट.

याच्या अगदी उलट टोक म्हणजे असेंब्ली लाइन. १९१३ मध्ये फोर्डने हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकती लाइन आणली आणि चासी जोडायला लागणारे साडेबारा तास दीड तासावर आले. पण दिवसभर तेच ते करून कामगार कंटाळले, भराभर सोडून जाऊ लागले. त्यांना टिकवण्यासाठी फोर्डला जानेवारी १९१४ मध्ये दिवसाला ५ डॉलर जाहीर करावे लागले. आजच्या लाइनवर बस, कँटीन, शिस्त सगळं असतं. तरी ऑपरेटर म्हणून वर्षानुवर्षं एकाच स्टेशनवर उभं राहिलं की शिकणं थांबतं. तीच लाइन मेंटेनन्स, क्वालिटी किंवा इंडस्ट्रिअल इंजिनिअरिंगमध्ये शिरणाऱ्याला मात्र उत्तम शाळा आहे. मिनिटभर थांबली तरी तिथे धावपळ उडते, आणि कारण शोधणाऱ्याची किंमत तेव्हाच कळते.

या दोन टोकांच्या मधली बॅच पद्धत, म्हणजे एक घाणा पुरा करून मग पुढचा. औषधं अशीच बनतात. गोव्यात वेर्ण्याला यातल्या बऱ्याच कंपन्या आहेत. प्रत्येक टप्प्याची वेळ, वजन, सही बॅच रेकॉर्डमध्ये हवी. पुढचं औषध घेण्याआधी मशिन धुऊन, तपासून घ्यायचं. बी.फार्म., केमिस्ट्रीतल्या बी.एस्सी.ला इथे जागा आहे. लिहिण्याचा आळस असेल त्याने या वाटेला जाऊ नये.

रिफायनरी, खत कारखाने अखंड चालतात. माल वाहता असतो, माणूस कंट्रोल रूममध्ये. केमिकल आणि इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांचं हे राज्य, पण रात्रपाळी चुकत नाही.

पुस्तकातले हे कप्पे कारखान्यात मात्र एकमेकांत मिसळतात. साखर कारखान्याचंच पाहा. हंगामात ऊस रात्रंदिवस गाळला जातो, पण पुढे बऱ्याच कारखान्यांत साखर पॅनमध्ये घाण्याघाण्याने शिजते. पॅनमन काचेच्या पट्टीवर थेंब घेऊन, उजेडासमोर धरून दाणा बघतो आणि रस किती ओढायचा ते ठरवतो. या क्षेत्रासाठी मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अभ्यासक्रम आहेत.

माझं मत विचाराल, तर पहिली दोन-तीन वर्षं जॉब किंवा बॅचच्या ठिकाणी काढावीत, मोठं नाव नंतरही मिळतं. घरी पैशांची ओढाताण असेल आणि पहिल्या महिन्यापासून नियमित पगार हवा असेल, तर लाइन स्वीकारण्यातही कमीपणा नाही. फक्त ऑफर लेटरवर सही करण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या: नेमणूक कंपनीची, ठेकेदाराची की अप्रेंटिस म्हणून? पाळ्या कशा? आणि वर्षभरात किती वेगवेगळ्या मशिनवर काम मिळेल? पालकांनीही पगाराच्या आधी हा तिसरा प्रश्न विचारावा.