जुना एच६१ बोर्ड पुन्हा उभा करायचा, तर खर्च किती?

२०११ ते २०१४ च्या दरम्यान ओळखीच्या दुकानातून असेंबल करून घेतलेला कॉम्प्युटर घरात पडून असेल, तर कॅबिनेटचे झाकण उघडल्यावर आत एच६१ बोर्ड निघण्याची शक्यता बरीच आहे. इंटेलने हा चिपसेट फेब्रुवारी २०११ मध्ये आणला. ११५५ सॉकेटच्या पिढीतला तो सर्वांत स्वस्त पर्याय होता, म्हणून घरगुती कॉम्प्युटर, टायपिंग इन्स्टिट्यूट, छोटी कार्यालये, झेरॉक्सची दुकाने असा सगळीकडे तो पोचला. यांतले बरेच बोर्ड आजही चालू अवस्थेत आहेत. मुलांचा अभ्यास, बँकेचे काम, ऑनलाइन फॉर्म, मराठी टायपिंग, जीएसटीचे हिशेब एवढ्यासाठी ते पुरतात. प्रश्न असतो तो खर्चाचा, कारण दुरुस्ती सुरू झाली की एकेक सुटा भाग वाढत जातो आणि बेरीज कोणी करत नाही.

म्हणून बेरीज आधी करा. बोर्ड चालू असेल, तर त्या कॉम्प्युटरवर एकूण पाच हजारांपर्यंत खर्च करणे योग्य आहे. बोर्ड मेलेला असेल, तर तोच बोर्ड पुन्हा विकत घेऊन सगळा सांगाडा जिवंत करणे बहुतेक वेळा तोट्याचे ठरते. आठ-दहा हजारांत एखाद्या कंपनीच्या कार्यालयातून निघालेला, रॅम आणि एसएसडीसह रिफर्बिश केलेला, पुढच्या पिढीचा तयार डेस्कटॉप मिळतो. त्याला दुकानदार निदान काही महिन्यांची वॉरंटी देतो. खाली दिलेले भाव पुण्याची तापकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड अशा बाजारांत बोलणी सुरू करण्यापुरते धरावेत. तालुक्याच्या गावी ते थोडे चढे असतात, आणि मेमरी चिप महागली की रॅम-एसएसडीचे भाव महिन्याभरातही हलतात.

खिशात हात घालण्याआधी

‘डिस्प्ले येत नाही’ ही सर्वांत नेहमीची तक्रार. पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी. अशा वेळी घरी बोलावलेला माणूस व्हिजिटचे ३०० ते ५०० रुपये घेतो आणि पहिली दहा मिनिटे जे करतो, ते आपल्यालाही करता येते. वायर सॉकेटमधून काढा. रॅम काढून तिचे सोनेरी दात साध्या खोडरबराने हलकेच पुसा, कचरा झटका आणि एकच पट्टी एका स्लॉटमध्ये लावून पाहा, मग दुसऱ्या स्लॉटमध्ये. कोकणपट्टीत आणि पावसाळ्यात बंद राहिलेल्या कॉम्प्युटरचे निम्मे दुखणे इथेच असते. मग प्रोसेसरजवळची चार पिनांची पॉवर वायर घट्ट बसली आहे का, ते बघा. मोठी २४ पिनांची वायर सगळ्यांना दिसते, ही छोटी निसटलेली कोणाच्या लक्षात येत नाही. ती नसेल तर पंखे फिरतात आणि प्रोसेसर मात्र उपाशी राहतो.

कॅबिनेटचे बटण बिघडल्याची शंका असेल, तर बोर्डाच्या कडेला असलेल्या फ्रंट पॅनेलच्या पिना शोधा. बहुतेक बोर्डांवर दोन ओळींत नऊ पिना आणि एक रिकामी जागा अशी रचना असते. त्यांतल्या ६ आणि ८ क्रमांकाच्या पिना पॉवर बटणाच्या, ५ आणि ७ रीसेटच्या. १ आणि ३ वर हार्ड डिस्कचा दिवा, २ आणि ४ वर पॉवरचा. ६ आणि ८ यांना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडल्यावर बोर्ड सुरू झाला, तर दोष बटणात आहे. बोर्डावर ओळी वेगळ्या छापल्या असतील, तर छापलेलेच खरे मानायचे.

याच वेळी बोर्डावरच्या कपॅसिटरांची डोकी पाहून घ्या. ती सपाट हवीत. ती फुगलेली असतील किंवा वर तपकिरी पाझर दिसला, तर कपॅसिटर बदलावे लागतील. चांगला कारागीर हे काही शे रुपयांत करतो. पण चार-पाच एकदम फुगले असतील, तर त्यामागे बहुधा निकृष्ट एसएमपीएस (पॉवर सप्लाय) असतो आणि तो तसाच ठेवून फक्त कपॅसिटर बदलणे म्हणजे पैसे वाया.

तीस रुपयांचा सेल

कॉम्प्युटर सुरू होतो, पण तारीख २०११ किंवा २०१२ सालची दाखवतो. ब्राउझर प्रत्येक साइट असुरक्षित असल्याचे सांगतो. कधी विंडोज सुरू होता होता निळी स्क्रीन येते. या तिन्हींचे मूळ एकच असू शकते: बोर्डावरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल. तो तीन व्होल्टचा असतो. मल्टिमीटरवर २.७ च्या आसपास उतरला असेल, तर बदला. किंमत ३० ते ६० रुपये.

निळ्या स्क्रीनचा संबंध समजून घ्यायला हवा, कारण त्यावर विनाकारण ‘फॉरमॅट मारायला’ सांगितले जाते. सेल संपला की बायोसमधली सेटिंग्ज कारखान्यातल्या मूळ स्थितीवर जातात. अनेक बोर्डांवर त्या मूळ स्थितीत साटा मोड ‘आयडीई’ असतो. विंडोज ‘एएचसीआय’ मोडमध्ये टाकलेले असेल, तर त्याला डिस्क ओळखता येत नाही आणि ०एक्स७बी ही चूक येते. उपाय एवढाच: बायोसमध्ये जाऊन साटा मोड पुन्हा एएचसीआय करणे. नवा सेल टाकल्यावर हे तपासल्याशिवाय फॉरमॅटला होकार देऊ नका. फॉरमॅटचे ३०० ते ५०० रुपये वाचतातच, त्याहून महत्त्वाचे म्हणजे वडिलांचे फोटो आणि दुकानाचे हिशेब वाचतात.

बायोसमध्ये शिरलाच आहात, तर आणखी दोन गोष्टी पाहा. बूट क्रमात एसएसडी पहिली ठेवा. आणि वीज गेल्यावर काय करायचे, या सेटिंगमध्ये ‘बंद राहा’ निवडा. भारनियमनाच्या भागात वीज पाच मिनिटांत तीनदा येते-जाते. प्रत्येक वेळी आपोआप सुरू होणारा जुना बोर्ड आणि डिस्क लवकर थकतात. सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी सेल संपेल, तेव्हा ते कामी येतील.

पैसे कुठे घालावेत

पहिला मान एसएसडीचा. जुनी हार्ड डिस्क काढून २४० किंवा २५६ जीबीची साटा एसएसडी लावली, की हा बोर्ड ओळखू येत नाही इतका फरक पडतो. खर्च दीड ते तीन हजार. इथे एक मोठी बचत आहे. एच६१ वर साटाचा जुना, ३ गिगाबिटचाच वेग मिळतो, म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला २७०-२८० एमबीच्या आसपास. डब्यावर ५५० लिहिलेली एसएसडी इथे तेवढी धावणार नाही. त्यामुळे महागडे मॉडेल घेऊ नका; नाव असलेल्या कंपनीचे साधे, तीन वर्षांची वॉरंटी असलेले मॉडेल पुरे. एनव्हीएमई एसएसडी तर या पिढीच्या मूळ बोर्डांसाठी नाहीच. त्यांच्यावर ती जागाही नसते, आणि ॲडॉप्टर लावून बसवली तरी त्यावरून विंडोज सुरू होत नाही.

दुसरी रॅम. या चिपसेटला दोनच स्लॉट आणि एकूण १६ जीबीची मर्यादा. रॅम डीडीआर३ लागते. घरच्या कामाला ८ जीबी भरपूर. वापरलेली ८ जीबीची पट्टी ७०० ते १,२०० रुपयांत मिळते, नवी चार-पाचशेने जास्त. घेताना दोन सापळे सांभाळा. सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड ईसीसी रॅम अतिशय स्वस्त देतात. ती या बोर्डावर चालत नाही. आणि काही स्वस्त पट्ट्या फक्त एएमडीच्या बोर्डांसाठी असतात. इंटेलवर डिस्प्लेच येत नाही. म्हणून आपला बोर्ड सोबत न्या किंवा परत देण्याची बोली बिलावर लिहून घ्या. एल अक्षर असलेली, १.३५ व्होल्टची डीडीआर३एल मात्र चालते. तिला घाबरायचे कारण नाही.

तिसरा एसएमपीएस, आणि इथे कंजूषी नको. पाचशे-सातशेचा लोकल एसएमपीएस बोर्ड, डिस्क आणि रॅम सगळ्यांचा जीव धोक्यात घालतो. नावाजलेल्या कंपनीचा ४५० वॉटचा दोन ते अडीच हजारांत येतो. जुना चांगला चालत असेल तर बदलू नका. बदलायची वेळ आली, तर स्वस्ताकडे जाऊ नका. त्यापेक्षा एसएसडी पुढच्या महिन्यावर ढकला. घरातला अर्थिंगचा पॉइंट तपासून घेणे हाही याच खर्चाचा भाग समजा.

पंखा आणि प्रोसेसर यांमधली थर्मल पेस्ट दहा वर्षांत वाळून खडूसारखी होते. छोटी ट्यूब १०० ते ३०० रुपये. मूळ पंख्याच्या चार प्लॅस्टिक खुंट्या काढताना तुटतात. तुटल्या तर ११५६, ११५० किंवा ११५१ सॉकेटचा कूलरही इथे बसतो, कारण भोकांचे अंतर तेच आहे. प्रोसेसरचे मात्र तसे नाही. ११५५ वर ११५० किंवा ११५६ चा प्रोसेसर बसत नाही, आणि जबरदस्ती केली तर सॉकेटमधल्या पिना वाकतात. या पिढीत पिना बोर्डावर असतात, प्रोसेसरवर नाही. वापरलेला बोर्ड घेताना म्हणूनच झाकण उघडून, उजेडात तिरपा धरून पिनांची रांग बघा.

प्रोसेसर बदलण्याचा मोह

पेंटियम किंवा आय३ काढून वापरलेला आय५-३४७० लावायचा सल्ला हमखास मिळतो. चिप १,००० ते १,८०० ला मिळते आणि फरकही जाणवतो. पण ती एप्रिल २०१२ मध्ये आलेल्या आयव्ही ब्रिज पिढीची. त्याआधी बनलेल्या बोर्डाला ती ओळखण्यासाठी बायोस अपडेट करावा लागतो, आणि तो जुना प्रोसेसर लावलेला असतानाच करायचा. आधी चिप बदलून बसलात, तर डिस्प्ले येणार नाही आणि अपडेटही करता येणार नाही.

हा अपडेट यूपीएसशिवाय कधीच करू नका. मधे वीज गेली तर बोर्ड मरतो आणि बायोसची चिप प्रोग्रॅमरवर पुन्हा लिहून घ्यायला ३०० ते ६०० रुपये, शिवाय तसा कारागीर शोधण्याची पायपीट. बोर्ड इंटेलचा स्वतःचा असेल, उदाहरणार्थ डीएच६१डब्ल्यूडब्ल्यू, तर आणखी एक अडचण आहे. इंटेलने २०१३ मध्ये डेस्कटॉप बोर्डांचा व्यवसाय गुंडाळत असल्याचे जाहीर केले आणि २०१९ च्या अखेरीस जुन्या बोर्डांच्या बायोस फाइली आपल्या संकेतस्थळावरून काढल्या. अनोळखी ठिकाणची फाइल बोर्डात घालणे धोक्याचे. अशा बोर्डावर आहे तोच प्रोसेसर ठेवा. एसएसडी आणि रॅमनंतर त्याचीही चाल सुधारते.

विंडोजचा प्रश्न खर्चात मोजायलाच हवा. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, म्हणजे हा बोर्ड अधिकृत यादीत बसत नाही. ‘युक्तीने टाकून देतो’ म्हणणारे भेटतात. टाकताही येते, पण पुढचे मोठे अपडेट येतील याची हमी कोणी देत नाही. बँकेचे काम करणाऱ्यांनी विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते मोफत आहे, ४ जीबी रॅमवरही नीट चालते आणि मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात जोडता येतो. टॅलीसारखे सॉफ्टवेअर विंडोजवरच लागत असेल, तर या बोर्डावर नवा परवाना विकत घेण्यापेक्षा ते पैसे दुसऱ्या कॉम्प्युटरकडे वळवा. कॉम्प्युटरसोबत मिळालेला परवाना त्या बोर्डाशी बांधलेला असतो. बोर्ड बदलला की तो सहसा जातो. हा खर्च दुकानदाराच्या अंदाजपत्रकात कधीच नसतो.

एच६१ चे ‘नवे’ बोर्ड आजही २,००० ते ३,००० रुपयांत विकले जातात, एनव्हीएमईच्या जागेसह. त्यांतल्या काहींवर जुन्या बोर्डांवरून काढलेला चिपसेट असतो. बाकी सगळे सुटे भाग हाताशी असतील आणि विक्रेता वर्षभराची वॉरंटी बिलावर लिहून देत असेल, तरच तो विचार करा.

बिल

सुटे भाग घेताना भाव विचारतानाच ‘जीएसटीसह किती’ असे विचारा. दर १८ टक्के आहे आणि काउंटरवर सांगितलेला आकडा बिलाच्या वेळी वाढतो तो यामुळे. जुन्या मालावर ‘चेकिंग वॉरंटी’ सात दिवसांची आहे की महिन्याची, ते बिलावर लिहून घ्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणे हीसुद्धा. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष रॅमच्या बाबतीत टिकत नाही. दुकानदार ऐकत नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. तिथे बिलाची तारीख आणि मालाचा सीरियल नंबर उपयोगी पडतो, म्हणून रॅम, एसएसडी आणि एसएमपीएस या तिन्हींचे नंबर बिलावर घालायला सांगा आणि दुकानातून निघण्याआधी वस्तूवरच्या नंबराशी जुळवून पाहा.