बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी

थंडी पडली की वस्तीत घरभेटीला जाताना आम्हाला अजूनही बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्याची शेगडी दिसते. वारा लागू नये म्हणून दार-खिडकी लावलेली, फटीत चिंध्या कोंबलेल्या. आई-सासू हे मायेनेच करतात. पण त्याच खोलीत दोन जिवांना धोका असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

कोळसा, लाकूड, गोवरी अर्धवट जळते तेव्हा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर संपून निखारे लाल झाले की शेगडी आत घेतात. धूर गेला म्हणजे धोका गेला, असे वाटते. पण हा वायू लाल निखाऱ्यांतूनही निघतच असतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक जोराने चिकटतो. मग मेंदूला, हृदयाला प्राणवायू पुरत नाही.

लक्षणे फसवी असतात : डोकेदुखी, चक्कर, मळमळ, ग्लानी. आपण म्हणतो, बाळंतपणाचा अशक्तपणा आहे. बाळाला तर सांगताच येत नाही. ते सुस्त पडते, दूध ओढत नाही. खोलीतल्या दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले आणि बाहेर आल्यावर बरे वाटले, तर शेगडीचा संशय घ्या. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. या विषबाधेत तो आकडा चांगलाच दाखवू शकतो.

अशा वेळी :

• दार सताड उघडा, सर्वांना मोकळ्या हवेत आणा.
• १०८ ला फोन करा. उपचार म्हणजे रुग्णालयातला ऑक्सिजन.
• कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका.
• “खोलीत शेगडी होती” हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

दुसरा धोका आगीचा. बाजेवरून लोंबणारी गोधडी, साडीचा पदर निखाऱ्याला लागायला वेळ लागत नाही. पत्र्याच्या घराला बहुधा एकच दार. तिथून बाळंतीण बाळाला घेऊन किती चपळाईने निघेल?

आजींनो, ऊब द्यायलाच हवी. त्यासाठी बाळाला टोपी-मोजे घाला, आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण द्या. बाळाचे तोंड-नाक मात्र उघडे राहू द्या. आईला शेकायला फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी चालते. शेगडी मात्र घराबाहेरच राहू द्या.