तबकडी, सुई आणि आपण

घरी रेकॉर्ड ऐकण्याची सोय करावयाची म्हटले की मित्रमंडळी प्रथम विचारतात, स्पीकर केवढे घ्यावेत? माझ्या मते विचार उलट टोकाने, म्हणजे सुईपासून व्हावयास हवा. ॲम्प्लिफायर बिघडला तर दुरुस्त होतो, स्पीकर बदलता येतो. पण चुकीच्या सुईने खरवडलेली खाच पुन्हा भरून येत नाही. आणि जुन्या घरांतील पेट्यांत पडून असलेल्या कित्येक तबकड्यांची दुसरी प्रत आज मिळणे दुरापास्त आहे.

भारतात व्यापारी ध्वनिमुद्रण १९०२ साली कलकत्त्यास सुरू झाले. मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेणारी ती तबकडी मुख्यत्वे चपडा लाख आणि दगडाची पूड यांची. लाखेचा किडा पळसावर पोसतो, आणि उमरखेडच्या रानातला पळस कोणाला ठाऊक नाही? दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपे. तासभर राग आळवणाऱ्या गवयाने तेवढ्यात काय गावे? पण मला या सक्तीच्या संक्षेपातच वेगळी झळाळी दिसते. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी तबकडीवर ऐकून लहानगे भीमसेन जोशी झपाटले, हे सर्वश्रुत आहे. केसरबाई केरकरांची जी भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, तीही साडेतीन मिनिटांचीच.

पुढे १९४८ साली अमेरिकेत व्हिनाइलची लाँग प्ले रेकॉर्ड आली. फेरे ३३⅓, एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक गाणे, आणि खाच फार बारीक. येथेच सुईचा प्रश्न येतो. ७८ च्या तबकडीस सुमारे तीन हजारांश इंच त्रिज्येच्या टोकाची सुई लागते. लाँग प्लेला एक हजारांशाहूनही कमी. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी जाऊन केवळ धूळ आणि खरखर ऐकवते. जाड सुई बारीक खाचेच्या भिंतीच खचवते. वजनाचेही तसेच. चावीच्या ग्रामोफोनचा साउंडबॉक्स शंभर ग्रॅमहून अधिक भाराने दाबतो, तर चांगल्या मॅग्नेटिक पिकअपला दीड-दोन ग्रॅम पुरतात. लाँग प्ले रेकॉर्ड कर्ण्याच्या ग्रामोफोनवर हौसेनेसुद्धा लावू नये.

सुईनंतर फोनो प्रीॲम्प्लिफायर. तबकडी कोरताना खर्जाचे स्वर मुद्दाम दाबतात, नाहीतर शेजारच्या खाचा एकमेकींत घुसतील. तार स्वर उचलतात. प्रीॲम्प्लिफायर हे उलटे करून देतो. तो गाळून मॅग्नेटिक पिकअप थेट जोडला की आवाज क्षीण आणि किनरा येतो, अन् दोष बिचाऱ्या रेकॉर्डला मिळतो. हा नियम १९५४ च्या सुमारास रूढ झाला. त्याआधीच्या तबकड्यांसाठी खर्ज-तार कानानेच जुळवावी.

गती तपासणे सोपे आहे. कागदी चकतीवर कडेने सारख्या अंतरावर १८० काळ्या रेघा ओढा आणि ती फिरत्या टर्नटेबलवर ठेवून जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली पाहा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो. फेरे ३३⅓ असतील तर रेघा स्थिर दिसतात. पुष्कळ एलईडी दिव्यांखाली हे जमत नाही.

वैशाखात तबकड्या पत्र्याखाली नकोत. उभ्या ठेवाव्या, आडव्या ढिगात वाकतात. पुसताना मात्र ७८ च्या तबकडीला स्पिरिट लावू नये. सुतार पॉलिश करताना चपडा स्पिरिटमध्येच विरघळवतो. शुद्ध पाण्यात भिजवून घट्ट पिळलेले मऊ फडके खाचेच्या दिशेने फिरवावे, आणि मधले लेबल कोरडे ठेवावे. गायकाचे नाव आणि राग तेवढ्याच कागदावर असतात.