ठराव मोठा की राज्यघटना?

मैत्रिणींनो, बैठकीत सगळ्यांच्या सह्या झाल्या की ठराव पक्का, असं आपण धरून चालतो. पण समजा, उद्या एखाद्या ग्रामसभेने ठराव केला, की अमुक वस्तीतल्या बायांनी सार्वजनिक विहिरीवर पाणी भरायचं नाही. शंभर हात वर झाले, इतिवृत्तात नोंद झाली, शिक्काही बसला. चालेल तो ठराव?

नाही चालणार. सार्वजनिक विहीर, तळं, रस्ता यांवर जात, धर्म किंवा बाईमाणूस बघून कुणाला अडवायचं नाही, असं राज्यघटनेचं कलम 15 सांगतं. कलम 17 ने अस्पृश्यताच बंद केली. ठरावाच्या वर कायदा, आणि कायद्याच्याही वर राज्यघटना. दिल्लीच्या संसदेने जरी मूलभूत हक्क हिरावणारा कायदा केला, तरी कलम 13 प्रमाणे तो जेवढा हक्काच्या आड येतो तेवढा रद्द ठरतो.

"ताई, हे कागदावर ठीक," असं कुणीतरी म्हणेलच. म्हणून एक खरा खटला सांगते. एअर इंडियात हवाई सुंदरींना नियम होता: पहिल्यांदा दिवस गेले की नोकरी संपली. नर्गिस मिर्झा आणि इतर जणी कोर्टात गेल्या. 1981 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नियम कलम 14 च्या, म्हणजे समानतेच्या, विरोधात ठरवून काढून टाकला. सगळं काही मिळालं नाही. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न करायचं नाही, ही अट न्यायालयाने राहू दिली (मला ते काही पटत नाही). पण पोटात बाळ आहे म्हणून घरी बसवणं थांबलं.

मग राज्यघटना बदलतच नाही का? बदलते, पण संसदेत साध्या बहुमताने नाही, त्याला जास्त मतं लागतात. 73 वी दुरुस्ती अशीच झाली. 1993 पासून ती लागू झाली आणि पंचायतीत महिलांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रात आता निम्म्या आहेत. मात्र राज्यघटनेचा मूळ गाभा संसदेलाही मोडता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्ये केशवानंद भारती खटल्यात सांगितलं.

तुमच्या गावात असा हक्क मारणारा ठराव झालाच, तर भांडत बसू नका. आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज देऊन ठरावाची नक्कल मागा, अर्जाची पोच घ्या. मग तालुका विधी सेवा समितीकडे जा. वकिलाच्या फीची काळजी नको. महिलांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.