मुलीचे नाव ठेवताना



मागच्या महिन्यात शाळा सुटल्यावर अहमदपूरकडचे एक जोडपे बाळाला घेऊन माझ्याकडे आले. सोबत बाळाची आजी होती. या घराने दोन वर्षांपूर्वी धम्मदीक्षा घेतली आहे. पहिलीच मुलगी. बाप म्हणाला, "बाई, नाव सांगा. टीव्हीतलं नको. जुनं, परंपरेचं, भारदस्त नाव पायजे." त्याच्या मुठीत एक चिठ्ठी होती. गावच्या जोशाने पंचांग पाहून राशीचे अक्षर काढून दिले होते. चिठ्ठी दाखवताना त्याने मान खाली घातली.

मी त्याला बोलले नाही. कित्येक पिढ्यांची सवय दोन वर्षांत जात नाही. परंतु आपण घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी आठवी कोणती, एवढे मात्र विचारले. ब्राह्मणाच्या हातून कोणतेही क्रियाकर्म करवून घेणार नाही, असे आपण बोललो आहोत. मग लेकीच्या नावाचे पहिले अक्षर तरी त्याच्याकडून का घ्यावे? ती कोणत्या नक्षत्राच्या कोणत्या चरणावर जन्मली, यावर तिचे शिक्षण ठरणार नाही. ते तिला शाळेत घालण्यावर ठरेल.

पण त्यांचा दुसरा शब्द माझ्या मनात राहिला: परंपरेचे नाव. आपली परंपरा कोणती? दगडाबाई, धोंडाबाई, कचराबाई, केराबाई ही आपल्या आज्या-पणज्यांची नावे. त्यांतलेच एक माझ्या आजीचे होते. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात स्पष्ट लिहिले आहे, की ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बलदर्शक, वैश्याचे धनदर्शक आणि शूद्राचे किळस यावी असे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी हा ग्रंथ जाळला, तेव्हा आपली ही नावेही त्या आगीत गेली असे मी समजते.

तरीही सगळा दोष मनूच्या माथी मारून मोकळे होता येत नाही. लागोपाठ लेकरे दगावली की आई पुढच्या लेकराचे नाव दगड, कचरा असे ठेवी. दृष्ट लागू नये, सटवीने उचलू नये, एवढीच तिची आशा. त्या नावात अपमान होता, तशी मायाही होती. म्हणून आजीच्या नावाला हसू नका. ते नाव पुढे चालवू नये हे खरे, परंतु ते घेऊन ती उन्हात राबली म्हणून आज आपण नाव निवडायला बसलो आहोत. 'नकोशी'ची गोष्ट मात्र निराळी. तिथे माया नाही. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींची नावे समारंभाने बदलण्यात आली, आणि त्या एकाच जातीच्या नव्हत्या.

आता कोणी अभ्यासू उपासक म्हणेल, की धम्मात नावाला एवढे महत्त्व आहे कुठे? शंका रास्त आहे. जातककथांत 'नामसिद्धि जातक' आहे. पापक नावाचा एक शिष्य आपल्या नावाला कंटाळतो. गुरू त्याला सांगतात, जा, चांगले नाव शोधून आण. वाटेत त्याला एक प्रेत दिसते, मेलेल्याचे नाव जीवक. पुढे एका दासीला मालक मारत असतात, कारण तिने मजुरी आणून दिलेली नाही. तिचे नाव धनपाली. नंतर रस्ता चुकलेला माणूस भेटतो, तो पंथक. पापक परत येतो आणि म्हणतो, माझे आहे तेच नाव बरे. नाव ही ओळखण्याची खूण आहे, त्याने माणूस घडत नाही, हा कथेचा अर्थ.

मी हा अर्थ मानते. पण कोणी खाली ठेवण्यासाठीच नाव दिले, तर ती नुसती खूण राहत नाही. मराठवाड्याच्या माणसाला हे सांगायला नको. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव झाला आणि आपल्या वस्त्या पेटल्या. आपल्या नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेड शहरात गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी स्वतःला जाळून घेतले. १४ जानेवारी १९९४ रोजी ते नाव लागले. नाव केवळ खूण असती, तर त्याला एवढा विरोध कोणी केला असता?

मग जुने नाव हवेच असेल, तर अडीच हजार वर्षांपूर्वीचे घ्या. ते आपलेच आहे. मल्लिका ही श्रावस्तीच्या माळ्याची मुलगी, पुढे राजा प्रसेनजिताची राणी झाली. तिला मुलगी झाल्याची बातमी आली तेव्हा राजा तथागतांजवळ बसला होता. त्याचा चेहरा उतरला. तथागत म्हणाले, मुलगी ही मुलापेक्षाही श्रेष्ठ निघू शकते. बाबासाहेबांनी १९५१ साली हिंदू स्त्रीच्या उन्नती-अवनतीवर लेख लिहिला, त्यात हा प्रसंग दिला आहे. प्रकृती ही मातंगकन्या. आनंदाने तिच्याकडे पाणी मागितले. तिने आपली जात सांगितली. आनंद म्हणाला, मी जात विचारली नाही, पाणी मागितले. किसा गोतमी हिच्या नावातला 'किसा' म्हणजे हडकुळी. तिने ते बदलले नाही, आणि आज ते नाव सगळे आदराने घेतात. संघमित्रा, विशाखा, सुजाता, यशोधरा तर तुम्हाला ठाऊकच आहेत.

कोणतेही ठेवा, एवढेच पाहा की तिची गोष्ट घरात कोणाला तरी सांगता येते. गोष्ट नसलेले नाव चार वर्षांत 'पिंकी' होते, हा माझा वर्गातला अनुभव आहे.

व्यवहाराचेही सांगते. जन्माची नोंद २१ दिवसांत करावी. नाव ठरले नसेल तर घाबरू नका, ते १२ महिन्यांपर्यंत शुल्काशिवाय नोंदवता येते. दाखल्यावरचे स्पेलिंग वाचून घ्या, दहावीच्या फॉर्मच्या वेळी काना-मात्रेसाठी धावणारे पालक मी दर वर्षी पाहते. शिवाय १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदावर स्वतःच्या नावानंतर आईचे नाव लागते. आज पाळण्यात जे नाव ठेवाल, ते उद्या तुमच्या नातवंडांच्याही दाखल्यावर लिहिले जाणार आहे.

त्या दिवशी मी शेवटी पुण्णिकेची गोष्ट सांगितली. अनाथपिंडकाच्या घरची ती दासी, कडाक्याच्या थंडीत नदीवरून पाणी भरायची. पाप धुण्यासाठी कुडकुडत बुडी मारणाऱ्या ब्राह्मणाला तिने विचारले, की पाण्याने पाप धुतले जात असेल, तर बेडूक आणि कासवे आधी स्वर्गात जायला हवीत ना? ब्राह्मण निरुत्तर झाला. पुढे ती दास्यातून सुटली, थेरी झाली. तिला पुण्णा, म्हणजेच पूर्णा, असेही म्हणतात.

"पूर्णा म्हंजे टेसनाचं नाव," बाप म्हणाला. मी म्हटले, स्टेशनचेही आहे आणि नदीचेही. नदीचे नाव असलेली मुलगी लग्नाला वर्ज्य, असेही मनूने लिहून ठेवले आहे!

आजी इतका वेळ गप्प होती. तिने विचारले, "ती बी पानी भरायची?"

"हो आजी. लोकांच्या घरचं."

"अन् त्या बामनाला तिनं असं तोंडावर इचारलं?"

"तोंडावर."

आजीने सुनेच्या मांडीवरून बाळ उचलले आणि त्याच्या कानापाशी ते नाव घेतले. चिठ्ठी बाकावरच राहिली होती, दुसऱ्या दिवशी वर्ग झाडताना ती मला सापडली.